जर्मनीत शिकताना वीकेंडला युरोप फिरायचंय : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑक्टोबरात विंटर सेमिस्टर सुरू होतं. पुणे, नाशिक, नागपूर, कोल्हापूरकडची नवी मुलंमुली आखेन, म्युनिक, ड्रेस्डेनला येऊन जरा स्थिरावतात, आणि नोव्हेंबर उजाडला की हे प्रश्न यायला लागतात. खालची उत्तरं भारतीय पासपोर्ट आणि जर्मनीचं विद्यार्थी परमिट (राहण्याचा परवाना) असलेल्यांसाठी आहेत. शेंगेनमधल्या, म्हणजे आपसात कायमची सीमा-तपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या गटातल्या, दुसऱ्या देशात शिकत असाल, तर फिरण्याचे नियम आणि प्रवाशांचे हक्क तुम्हालाही लागू आहेत, जर्मन तिकिटांचे मात्र नाहीत. आकडे २०२६च्या सुरुवातीचे आहेत.

१. जर्मनीचं परमिट आहे. फ्रान्स, इटली, ऑस्ट्रियाला जायला वेगळा व्हिसा काढावा लागतो का?

नाही. वैध परमिट कार्ड आणि वैध पासपोर्ट सोबत असेल, तर शेंगेनमधल्या इतर देशांत कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत फिरता येतं. जर्मनीतले दिवस यात मोजत नाहीत. बाकीच्या सगळ्या देशांचे मिळून ९० धरायचे, प्रत्येकाचे वेगळे नाहीत. शनिवार-रविवार फिरणाऱ्याला ही मर्यादा सहसा आड येत नाही. सेमिस्टरच्या सुट्टीत महिनाभर मित्राकडे राहणाऱ्याने मात्र दिवस लिहून ठेवावेत.

शेंगेनमध्ये सध्या २९ देश आहेत. क्रोएशिया २०२३मध्ये आला. बल्गेरिया आणि रोमेनियाच्या जमिनीवरच्या सीमाही १ जानेवारी २०२५पासून खुल्या झाल्या. स्वित्झर्लंड आणि नॉर्वे युरोपियन युनियनमध्ये नसले तरी शेंगेनमध्ये आहेत. आयर्लंडचं उलट आहे, ते युनियनमध्ये आहे, शेंगेनमध्ये नाही (प्रश्न १६).

२. कार्ड अजून हातात आलेलं नाही, पासपोर्टवर भारतातून आणलेला व्हिसा आहे. तोवर फिरता येईल का?

तो लांब मुदतीचा राष्ट्रीय व्हिसा, म्हणजे ‘डी’ व्हिसा असेल आणि मुदत संपलेली नसेल, तर हो. प्रश्न १मधलीच सवलत त्याला आहे. अडचण येते ती व्हिसा संपून कार्ड येण्याच्या मधल्या काळात, आणि मोठ्या शहरांत हा काळ लांबतो. त्याबद्दल प्रश्न १७ नीट वाचा.

३. सीमेवर कुणी बघतच नाही म्हणतात. पासपोर्ट खोलीवर ठेवला आणि फक्त कार्ड नेलं तर?

असं करू नका. परमिट कार्ड म्हणजे राहण्याचा परवाना, ते प्रवासाचं कागदपत्र नव्हे. सीमा ओलांडताना दोन्ही मूळ स्वरूपात लागतात. मोबाइलमधला फोटो चालत नाही.

शिवाय ‘कुणी बघत नाही’ ही आता जुनी गोष्ट झाली. १६ सप्टेंबर २०२४पासून जर्मनीने आपल्या सगळ्या जमिनी सीमांवर तपासणी सुरू केली आणि तिची मुदत वाढवत नेली आहे. रात्रीच्या बसने प्राग किंवा साल्झबुर्गहून परत येताना हे हमखास कळतं. पहाटे गाढ झोपेत बस थांबते, आतले दिवे लागतात, दोन पोलीस पुढच्या दाराने चढून एकेका सीटपाशी हात पुढे करतात. ज्याचे कागद खालच्या डिकीतल्या बॅगेत असतात त्याला थंडीत उतरून बॅग उपसावी लागते, आणि सगळी बस त्याच्यासाठी थांबते. पासपोर्ट आणि कार्ड अंगावरच्या पाऊचमध्ये ठेवा. विद्यापीठाचा चालू सेमिस्टरचा नोंदणी दाखला मोबाइलमध्ये असू द्या, कधीकधी ‘काय शिकता’ हेही विचारतात.

४. पहिलीच ट्रिप आहे. कुठे जाऊ?

जवळ जा. माझं मत ठाम आहे : दारापासून दारापर्यंत चार-पाच तासांपेक्षा जास्त लागत असतील, तर ते शहर वीकेंडचं नाही, सुट्टीतलं आहे. शुक्रवारी लेक्चर संपवून निघालात आणि रविवारी रात्री खोलीवर परतायचं असेल, तर हातात जेमतेम दीड दिवस उरतो. त्यात एक शहर नीट बघून होतं. दोन शहरांत स्टेशनं आणि लॉकरच बघून होतात.

तुम्ही कुठे राहता त्यावर बरंच ठरतं. ड्रेस्डेनहून प्राग अडीच तासांच्या आत आहे, आणि एल्बे नदीच्या काठाने जाणारा तो रूळ स्वतःच बघण्यासारखा आहे. जाताना डावीकडची खिडकी धरा. म्युनिकहून साल्झबुर्ग लोकल गाडीनेही दोन तासांच्या आतबाहेर, व्हिएन्ना चार तास. आखेनहून ब्रसेल्स वेगवान गाडीने सव्वा तासाच्या आसपास. श्टुटगार्टहून पॅरिस थेट गाडीने सव्वातीन तास.

आणि अगदी सीमेला चिकटलेली गावंही आहेत. केलला उतरून ट्रामने ऱ्हाइन ओलांडली की स्ट्रासबुर्ग, ही ट्राम २०१७पासून धावते. ग्योर्लिट्झहून पूल चालत पार केला की पोलंड. कॉन्स्टान्झहून चालत स्वित्झर्लंडमधलं क्रॉइझलिंगेन. आखेनजवळच्या टेकडीवर जर्मनी, बेल्जियम आणि नेदरलँड्स या तिघांच्या सीमा एका खांबापाशी मिळतात. यातल्या कशालाही रात्रीचा मुक्काम लागत नाही. पहिल्या महिन्यात खिशाचा अंदाज यायचा असतो, तेव्हा इथून सुरुवात करावी.

५. डॉइचलंडटिकेटवर देशाबाहेर जाता येतं का?

थोडंसं. जर्मनीभरच्या स्थानिक वाहतुकीचं हे मासिक तिकीट मे २०२३मध्ये महिन्याला ४९ युरोला सुरू झालं, २०२५मध्ये ५८ आणि जानेवारी २०२६पासून ६३ युरो झालं. बहुतेक विद्यापीठांत विद्यार्थ्यांना ते सेमिस्टर फीमध्येच बऱ्याच कमी दरात मिळतं. आपल्याकडे ते आधीच आहे हे न कळून वेगळं काढणारेही भेटतात, तेव्हा आधी सेमिस्टर फीची पावती बघा.

ते आरई, आरबी, एस-बान या स्थानिक गाड्यांना आणि मेट्रो, ट्राम, बसला चालतं. आयसीई, आयसी, ईसी आणि फ्लिक्सट्रेन या लांब पल्ल्याच्या गाड्यांना चालत नाही. सीमेपलीकडच्या काही मोजक्या स्टेशनांपर्यंत ते धरतात. त्यांत साल्झबुर्ग आणि कुफश्टाइन ही ऑस्ट्रियातली दोन आपल्या मुलांना सगळ्यात उपयोगी. बाकी ठिकाणी सीमेवरच्या शेवटच्या जर्मन स्टेशनापर्यंत हे आणि पुढचं तिकीट वेगळं.

लक्झेंबर्गला एक सुख आहे. २९ फेब्रुवारी २०२०पासून त्यांनी देशभरची बस, ट्राम आणि दुसऱ्या वर्गाची ट्रेन सगळ्यांसाठी फुकट केली. ट्रिअरकडून गेलात तर सीमेपर्यंतचंच भाडं बघायचं.

हे तिकीट नावावर असतं. भारतातून आलेल्या भावाला ते देता येत नाही. पाहुणे असतील तर त्यांच्यासाठी राज्याचं दिवसाचं तिकीट बघा. उदाहरणार्थ बायर्न (बव्हेरिया) राज्याच्या बायर्न-टिकेटवर पाच जणांपर्यंत एकत्र जाता येतं, शनिवार-रविवारी ते मध्यरात्रीपासून लागू असतं आणि साल्झबुर्गलाही चालतं.

६. ट्रेन, बस की विमान?

चार तासांच्या आतलं अंतर असेल तर ट्रेन. पैसे फारच कमी असतील आणि पाठ धडधाकट असेल तर बस. विमान फक्त तेव्हा, जेव्हा तुमच्या गावाजवळचा विमानतळ आणि तिथला विमानतळ दोन्ही खरोखर शहराजवळ असतील (प्रश्न ७).

ट्रेनचं स्वस्त तिकीट लवकर काढणाऱ्याला मिळतं. डॉइच बानचं, म्हणजे जर्मन रेल्वेचं, सगळ्यात स्वस्त ‘सुपर श्पारप्राइस’ तिकीट रद्द करून पैसे परत मिळत नाहीत, त्यामुळे परीक्षेची तारीख पक्की झाल्याशिवाय काढू नका. २७ वर्षांखालच्यांना बानकार्ड हे भाडेसवलतीचं कार्ड कमी दरात मिळतं. पण ते वेळेत रद्द केलं नाही तर पुढच्या वर्षासाठी आपोआप वाढतं, म्हणून घेतलं त्याच दिवशी रद्द करण्याची तारीख कॅलेंडरवर टाका. प्रागला जाताना चेक रेल्वेच्या संकेतस्थळावरचं भाडंही तपासा, तीच गाडी तिथे अनेकदा स्वस्त मिळते.

रात्रीची बस हॉटेलची एक रात्र वाचवते, हे खरं. पण सकाळी सहाला अनोळखी शहरात, न झोपता, चेक-इन दुपारी तीनला. जाताना रात्रीची आणि येताना दिवसाची, असं केलंत तर निदान सोमवारचं लेक्चर वाया जात नाही.

७. पंधरा-वीस युरोत विमानाचं तिकीट दिसतंय. घेऊ ना?

आधी विमानतळाचं नाव वाचा. फ्रँकफुर्ट-हान हा फ्रँकफुर्टपासून सुमारे १२० किलोमीटरवर आहे. म्युनिकच्या नावाने विकला जाणारा मेमिंगेन शंभराच्या वर. पॅरिसचा बोवे ८५च्या आसपास, मिलानचा बेर्गामो सुमारे ५०, बार्सिलोनाचा जिरोना ९०च्या घरात. ब्रसेल्स म्हणून उतरवतात ते शार्लरोआही दुसरंच गाव. दोन्हीकडच्या बसचं भाडं जमेला धरा आणि मग ट्रेनशी ताडून बघा.

मग बॅग. त्या भाड्यात फक्त सीटखाली मावेल अशी पिशवी असते. गेटवर बॅग मोठी निघाली तर तिकिटापेक्षा दंड जास्त होतो. ऑनलाइन चेक-इन मुदतीत केलं नाही तरी तसंच. आणखी एक गोष्ट फक्त आपल्यासारख्यांना लागू आहे : काही स्वस्त विमान कंपन्या युरोपियन पासपोर्ट नसलेल्या प्रवाशांना सिक्युरिटीच्या आधी काउंटरवर जाऊन कागद तपासून घ्यायला सांगतात. मोबाइलवर बोर्डिंग पास आला म्हणजे झालं, असं समजू नका. त्यावरची सूचना वाचा आणि अर्धा तास आधी पोचा.

८. एका वीकेंडला किती खर्च धरावा?

ब्लॉक अकाउंटमधून, म्हणजे व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेल्या खात्यातून, महिन्याला ९९२ युरो सुटतात. त्यातून खोलीचं भाडं, विमा आणि किराणा गेला की काय उरतं ते प्रत्येकाला ठाऊक आहे. माझा अंदाज असा : ड्रेस्डेनहून प्राग, दोन रात्री हॉस्टेलच्या डॉर्ममध्ये, प्रवास आणि एक-दोन तिकिटं धरून १२० ते १६० युरो. बुडापेस्ट, क्राकॉव्ह मुक्कामाला स्वस्त, पण प्रवास लांबचा. ॲमस्टरडॅम, पॅरिस, झ्युरिक यांना याच्या दुप्पट धरावे लागतात.

हॉस्टेलचं भाडं शुक्रवार-शनिवारी सगळ्यात जास्त असतं. लेक्चर नसेल तर रविवार-सोमवार करा, तोच पलंग बराच स्वस्त पडतो. शहर-कर वेगळा असतो. ॲमस्टरडॅममध्ये तो भाड्याच्या १२.५ टक्के आहे. बुकिंगच्या पहिल्या पानावरचा आकडा आणि शेवटच्या पानावरचा आकडा यांतला फरक बघूनच पैसे भरा.

स्वयंपाकघर असलेलं हॉस्टेल घ्या, पण रविवारी जर्मनी आणि ऑस्ट्रियातली दुकानं बंद असतात, पोलंडमध्येही बहुतेक रविवारी. दूध, ब्रेड, फळं शनिवारी संध्याकाळीच आणून ठेवा, नाहीतर स्टेशनवरच्या दुकानात जास्त दराने घ्यावं लागतं. स्टेशनवरच्या स्वच्छतागृहासाठी खिशात नाणी ठेवा.

९. इंटररेल पास घ्यावा का? की युरेल?

दोन्ही म्हणजे अनेक देशांतल्या ट्रेनसाठी एकच पास. जर्मनीत राहत असाल तर इंटररेल, कारण ते युरोपातल्या रहिवाशांसाठी आहे आणि नागरिकत्व बघत नाही. युरेल बाहेरून येणाऱ्यांसाठी. म्हणजे तुमच्यासाठी इंटररेल, भारतातून येणाऱ्या बहिणीसाठी युरेल.

वीकेंडसाठी मात्र बहुधा परवडत नाही. ज्या देशात राहता तिथे हा पास फक्त बाहेर पडायला एकदा आणि परत यायला एकदा वापरता येतो. शिवाय फ्रान्सच्या टीजीव्ही, युरोस्टार आणि इटलीच्या वेगवान गाड्यांना सीटचं आरक्षण वेगळं, पैसे देऊन. सेमिस्टरच्या सुट्टीत दोन-तीन आठवडे भटकायचं असेल तर जरूर घ्या, २७ वर्षांपर्यंत सवलतही आहे.

१०. म्युझियममध्ये विद्यार्थी सवलत मिळते का? आपण तर युरोपियन नाही.

कुठे राहता हे बघतात की कुठले नागरिक आहात हे, यावर सगळं आहे.

फ्रान्स राहण्याचं ठिकाण बघतो. २६ वर्षांखालचे आणि युरोपियन युनियनमध्ये दीर्घकाळ राहणारे यांना लूव्र, ओर्से, व्हर्सायचा राजवाडा, सँत-शापेल अशा राष्ट्रीय ठिकाणी प्रवेश मोफत आहे. पुरावा म्हणून तुमचं जर्मन परमिट कार्ड दाखवायचं. जानेवारी २०२६पासून लूव्रने युरोपबाहेरच्या पाहुण्यांचं तिकीट ३२ युरो केलं, त्यामुळे आता या कार्डाचं मोल आणखी वाढलं. मोफत असलं तरी लूव्रला वेळ आधी आरक्षित करावी लागते. आयफेल टॉवर या सवलतीत येत नाही.

इटली नागरिकत्व बघतो. सरकारी म्युझियमचं १८ ते २५ वयासाठीचं दोन युरोंचं तिकीट युरोपियन नागरिकांना आहे, जर्मन परमिटवर हक्काने मागता येत नाही. पण महिन्याच्या पहिल्या रविवारी कोलोसियम, उफ्फिझी अशी सरकारी ठिकाणं सगळ्यांना मोफत असतात. रांग मोठी असते, सकाळी लवकर जा.

माद्रिदचं प्राडो रोज संध्याकाळी शेवटचे दोन तास मोफत असतं. म्युनिकच्या आल्टे पिनाकोटेकचं रविवारचं तिकीट एक युरो आहे, आणि म्युनिकमध्येच शिकणारी कितीतरी मुलं तिथे गेलेली नसतात, याची मला मनापासून हळहळ वाटते.

११. आधी काय बुक करावं, आणि काय तिथे गेल्यावर जमतं?

मोजक्याच गोष्टी आधी कराव्या लागतात, पण त्या चुकल्या तर दारातून परत फिरावं लागतं. ॲमस्टरडॅमच्या ॲन फ्रँक घराची तिकिटं फक्त ऑनलाइन मिळतात, दर मंगळवारी सहा आठवड्यांनंतरच्या आठवड्याची सोडतात. मिलानचं ‘द लास्ट सपर’ हे चित्र बघायला आरक्षण लागतं आणि आत फक्त पंधरा मिनिटं मिळतात. व्हेनिसला २०२४पासून एप्रिल ते जुलैमधल्या ठरावीक दिवशी फक्त दिवसापुरतं येणाऱ्यांना प्रवेश शुल्क आहे : आधी भरलं तर ५ युरो, ऐनवेळी १०. रात्री मुक्काम असेल तर शुल्क माफ, पण नोंदणी करावी लागते.

सुट्टीचे वारही बघा. लूव्र मंगळवारी बंद, ओर्से सोमवारी. व्हॅटिकन म्युझियम रविवारी बंद असतं, महिन्याचा शेवटचा रविवार सोडून. बाकी जुनं शहर, पूल, चर्च, बाजार, नदीकाठ यांना काही लागत नाही, आणि वीकेंडचा निम्मा वेळ तिथेच जावा.

१२. मी शाकाहारी आहे. उपाशी राहायची वेळ येते का?

येत नाही, पण ‘व्हेजिटेरियन’ एवढं म्हणून भागत नाही. इथे अंडं शाकाहारात धरतात, आणि काही ठिकाणी मासाही खाणार का असं विचारतात. मांस नको, मासा नको, अंडं नको, असं एकेक सांगा किंवा तिथल्या भाषेत लिहून दाखवा.

फसवणारे पदार्थ ठरलेले आहेत. बेल्जियममधले फ्राइज पारंपरिक पद्धतीने गाईच्या चरबीत तळतात, ‘वनस्पती तेलात तळलंय का’ हे विचारल्याशिवाय घेऊ नका. इटलीतलं पार्मेजान चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने बनतं. जेलीच्या गोळ्यांत जिलेटिन असतं. पोलंडमध्ये बटाटा आणि पनीरसारखं चीज भरलेले पिएरोगी मागवले की डिशवर तळलेल्या डुकराच्या चरबीचे बारीक तुकडे पसरून येतात. लांबून ते परतलेल्या कांद्यासारखे दिसतात. मागवतानाच ‘वरचं काही नको’ सांगायचं.

चांगलं मिळणारंही खूप आहे. जवळजवळ प्रत्येक शहरात फलाफल, बुडापेस्टला लसूण-चीजचा लांगोश (तळलेली पोळी), आणि अंडं चालत असेल तर ऑस्ट्रियात चीज घातलेल्या श्पेट्झले नूडल्स, प्रागला तळलेलं चीज. तरीही घरून दशम्या किंवा धपाटे करून न्या, दोन दिवस आरामात टिकतात. विमानात लोणचं, चटणी, तूप हे द्रव म्हणून धरतात, १०० मिलीवरची बरणी बहुतेक विमानतळांवर सिक्युरिटीला काढून घेतात. मेतकूट आणि कोरडी शेंगदाण्याची चटणी चालते.

१३. युरो सगळीकडे चालतो ना?

नाही. चेकिया, पोलंड, हंगेरी, रोमेनिया, डेन्मार्क, स्वीडन आणि स्वित्झर्लंडचं चलन वेगळं आहे. क्रोएशियाने २०२३मध्ये आणि बल्गेरियाने जानेवारी २०२६मध्ये युरो घेतला.

कार्ड मशीन किंवा एटीएम विचारतं, ‘युरोत भरायचं की स्थानिक चलनात?’ कायम स्थानिक चलन निवडा. युरो निवडलं की विनिमय दर ते मशीन ठरवतं आणि तो महागात पडतो. पर्यटकांच्या चौकातल्या एटीएमपेक्षा खऱ्या बँकेच्या भिंतीतलं एटीएम बरं. प्रागमध्ये रस्त्यावर ‘चांगला दर देतो’ म्हणत येणाऱ्याकडून एकही नोट घेऊ नका.

१४. तिथे आजारी पडलो तर जर्मन विमा चालतो का?

सरकारी विमा, म्हणजे टेके, एओके यांसारख्यांचा असेल तर कार्डाच्या मागच्या बाजूला युरोपियन आरोग्य विमा कार्ड असतं. तातडीचे उपचार युनियनमधल्या देशात त्यावर होतात.

पण एक मोठा अपवाद आहे आणि तो फार कमी जणांना माहीत असतो. युनियनबाहेरच्या देशांच्या नागरिकांना, म्हणजे आपल्याला, हे कार्ड डेन्मार्क, नॉर्वे, आइसलँड, लिख्टेनश्टाइन आणि स्वित्झर्लंडमध्ये वापरता येत नाही. त्याच विद्यापीठातल्या जर्मन मैत्रिणीचं तिथे चालतं, तुमचं नाही. स्वित्झर्लंडमध्ये पाय मुरगळून एक्स-रे काढावा लागला तरी बिल दणदणीत येतं. या पाच देशांसाठी स्वतंत्र प्रवासी विमा काढाच. वर्षभराचा असा विमा जर्मनीत फार महाग नसतो. खासगी विमा असलेल्यांनी आपल्या पॉलिसीत परदेशाबद्दल काय लिहिलंय ते वाचावं.

तातडीच्या मदतीसाठी सगळीकडे ११२.

१५. ट्रेन उशिरा आली, पुढची गाडी चुकली. आता?

मुक्कामाला पोचायला २० मिनिटांपेक्षा जास्त उशीर होणार असं दिसलं, की जर्मनीत स्वस्त तिकिटाची ‘याच गाडीने जा’ ही अट सुटते आणि पुढच्या गाडीने जाता येतं. तासाभराचा उशीर झाला तर भाड्याच्या २५ टक्के, दोन तासांपासून ५० टक्के परत मागता येतात. हे सगळं एकाच तिकिटावर प्रवास असेल तर. बस एका कंपनीची आणि ट्रेन दुसऱ्या कंपनीची अशी जोडली असेल, तर मधली गाडी चुकण्याची जबाबदारी तुमची, म्हणून मध्ये दोन तास मोकळे ठेवा. रात्री अडकलात तर स्टेशनवरच्या माहिती काउंटरवरून लेखी नोंद घ्या आणि मगच हॉटेल किंवा टॅक्सी करा.

विमान तीन तासांहून उशिरा पोचलं आणि चूक कंपनीची असेल, तर १५०० किलोमीटरपर्यंतच्या अंतराला २५० युरो भरपाई आहे. वादळ किंवा हवाई वाहतूक नियंत्रकांचा संप असेल तर भरपाई नाही, पण जेवण आणि मुक्कामाची सोय तरीही कंपनीनेच करायची असते. ‘व्हाउचर घ्या’ म्हटलं तर लगेच हो म्हणू नका.

मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे घड्याळ बदलतं. त्या दिवशी परतीचं पहाटेचं तिकीट टाळा.

१६. लंडन, डब्लिन, इस्तंबूल, बेलग्रेड यांचं काय?

जर्मन परमिटवर लंडनला जाता येत नाही. ब्रिटनचा व्हिजिटर व्हिसा आधी काढावा लागतो. युरोस्टारने गेलात तरी ब्रिटिश अधिकारी पॅरिस-ब्रसेल्सलाच तपासतात. आयर्लंडचाही वेगळा व्हिसा. इतका खटाटोप वीकेंडसाठी करू नका, सलग सुट्टी मिळेल तेव्हा करा.

तुर्कस्तानचा ई-व्हिसा वैध शेंगेन परमिट असलेल्या भारतीयांना ऑनलाइन मिळतो. सर्बिया शेंगेन परमिटवर व्हिसाशिवाय येऊ देतो. असे नियम अचानक बदलतात, त्यामुळे तिकीट काढण्याच्या दिवशी त्या देशाच्या वकिलातीच्या पानावर पुन्हा बघा.

शेंगेनबाहेर जाऊन परत येताना विमानतळावर बोटांचे ठसे घेणारी नवी यंत्रणा ऑक्टोबर २०२५पासून सुरू झाली आहे. परमिट असलेले त्यातून वगळलेले आहेत, कार्ड पासपोर्टसोबतच पुढे करा. मोबाइलचं युरोप रोमिंग स्वित्झर्लंड आणि ब्रिटनमध्ये आपोआप लागू नसतं. सीमेजवळ फोन स्विस टॉवर पकडतो, डेटा बंद ठेवा.

१७. परमिट संपलं, नवं यायचं आहे, हातात ‘फिक्शन्सबेशायनिगुंग’ आहे. जाऊ का?

हा नव्या परमिटचा अर्ज प्रलंबित असल्याचा तात्पुरता दाखला. त्यावर तीन चौकोन असतात, कोणत्यावर खूण आहे ते बघा. ‘जुनं परमिट चालू समजावं’ या अर्थाच्या तिसऱ्या चौकोनावर खूण असेल, तर संपलेलं कार्ड आणि पासपोर्ट यांच्यासह जर्मनीत परत येता येतं. मुदत संपण्याआधी अर्ज केलेल्या विद्यार्थ्यांना बहुधा हाच मिळतो. पहिल्या चौकोनावर खूण असेल तर देशाबाहेर पाऊल टाकू नका, परत येण्याचा हक्क त्यात नाही.

तिसरा चौकोन असला तरी माझा सल्ला आहे की कार्ड येईपर्यंत जर्मनीतच फिरा. परदेशातल्या विमान कर्मचाऱ्याला हा हिरवट कागद ओळखता येईलच असं नाही आणि रविवारी रात्री गेटवर त्याला कायदा समजावत बसायची वेळ यायला नको. हॅम्बुर्ग, बाम्बेर्ग, क्वेडलिनबुर्ग, लाइपझिश, सगळं प्रश्न ५मधल्या तिकिटावर होतं.

१८. पासपोर्ट किंवा कार्ड चोरीला गेलं तर?

त्याच शहरात पोलिसांकडे तक्रार नोंदवा आणि तिची प्रत घ्या. त्या देशातल्या भारतीय वकिलातीला कळवा. जर्मनीत असाल तर बर्लिनला दूतावास आणि फ्रँकफुर्ट, म्युनिक, हॅम्बुर्गला वाणिज्य दूतावास आहेत. परमिट कार्डाची ऑनलाइन ओळख ११६ ११६ या जर्मन क्रमांकावर बंद करता येते, बँक कार्डही तिथूनच. परतल्यावर परदेशी नागरिक कार्यालयाला लगेच कळवावं लागतं. दोन्ही कागदांचे स्कॅन मेलमध्ये ठेवले असतील तर या प्रत्येक पायरीवर वेळ वाचतो.

१९. मी एकटी मुलगी आहे. एकटीने जावं का?

जा. कितीतरी मुली जातात आणि ते मला फार चांगलं वाटतं. ठरवताना एकच गोष्ट पहिली ठेवा : शहरात अंधार पडायच्या आत पोचायचं. स्वस्त बस रात्री दोनला शहराबाहेरच्या थांब्यावर सोडत असेल, तर ती स्वस्त नाही. मुलींची वेगळी डॉर्म बहुतेक मोठ्या हॉस्टेलात असते. रिसेप्शन रात्रभर उघडं आहे का ते बुकिंगआधी बघा, आणि परतीच्या गाडीची वेळ घरी कुणाला तरी कळवून ठेवा. खिसेकापूंचा त्रास पॅरिस, रोम, बार्सिलोना, प्रागच्या मेट्रो आणि ट्राममध्ये सगळ्यांनाच आहे. दारापाशी मोबाइल हातात धरून उभं राहू नका, दार बंद होता होता तो हिसकतात.

२०. मेमध्ये आई-बाबा येणार आहेत. त्यांच्यासोबत असेच वीकेंड करता येतील का?

येतील, पण त्यांचा व्हिसा तुमच्या परमिटसारखा नसतो. ज्या देशात जास्त दिवस राहणार त्याच देशाकडे शेंगेन व्हिसा मागायचा, फी ९० युरो आणि ३०,००० युरोंचा आरोग्य विमा. व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर शेंगेनच्या आत कितीही देश करा. पण मध्ये बेलग्रेड किंवा लंडनला गेले, की परत येता येणार नाही. व्हिसावरचा प्रवेशांचा आकडा विमान बुक करण्याआधी वाचा.

मेमध्ये जर्मनीत सुट्ट्या बऱ्याच असतात. गुरुवारी सुट्टी आली की लोक शुक्रवारही धरतात आणि सगळ्या गाड्या भरतात. आई-बाबांसाठी सीटचं आरक्षण करा, उभ्याने नेऊ नका. दिवसाला दोन ठिकाणं आणि दुपारी बसायला बाग, एवढंच ठरवा.

आणि त्यांना बॅग भरण्याआधीच सांगा : दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपबाहेरून आणायला बंदी आहे, म्हणजे पेढे, बर्फी, घरचं तूप, काही नाही. ताज्या फळांनाही वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. त्यातून सुटका फक्त केळी, नारळ, खजूर, अननस आणि ड्युरियन या पाचांना आहे. हापूसची पेटी विमानतळावर काढून घेतील. डबाबंद आमरस आणा म्हणावं.